बोकोनबाय कुठे गेला?

बिश्केक,
सप्टेंबरची अखेर

आदरणीय दोसालीमामा यांना,

भाची मैरामकानचा कमरेत वाकून सलाम. (पूर्वीइतकं वाकता येत नाही. दिवसभर खुर्चीत बसून लोकांच्या कादंबऱ्या निवडायच्या म्हटल्यावर कंबर धरणारच. पण मनाने पूर्ण वाकले आहे असं समजा.)

गुरंढोरं सुखरूप आहेत ना? माणसं सुखरूप आहेत ना? तांबड्या गायीचा खूर भरला का? मामींचे गुडघे काय म्हणतात? त्यांना म्हणावं, बार्सकूनच्या थंडीत पहाटे उठून दूध काढायला तुम्हाला कुणी शपथ घातलेली नाही, सुनेला उठवा की. (हे वाक्य सुनेसमोर वाचू नका. मागच्या पत्रातलं असंच एक वाक्य तुम्ही मोठ्याने वाचलंत आणि ती दोन महिने माझ्याशी फोनवर बोलली नाही.) आमच्याकडे सगळं ठीक. आमचे हे ठीक. मी ठीक, पण ठीकच.

पत्रास कारण, तुमचं पुडकं. शेअर गाडीच्या ड्रायव्हरने ते आणून दिलं तेव्हा मला वाटलं, यंदा जर्दाळू लवकर आले. उचललं तर हात खाली गेला. सहाशे चाळीस पानं! आणि वर तुमची चिठ्ठी: 'मैराम, आपल्या घराची कादंबरी लिहिली आहे. तू फक्त स्वल्पविराम बघ. आणि एक सांग, चांगला संपादक कसा ओळखायचा? तिकडे कुणी एकजण आठ दिवसांत कादंबरी चकाचक करून देतो म्हणे. तुला वेळ नसेल तर त्याला देतो.' मामा, तुम्ही भूगोलाचे मास्तर, चाळीस वर्षं पोरांना तोंडी परीक्षेत घाम फोडलात, तेव्हा हा टोमणा आहे हे मला कळत नाही असं समजू नका. मला वेळ आहे. नाही ते धाडस. आपल्या घराची कादंबरी म्हणजे त्यात माझी आई असणारच. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं तुमच्याकडून आलेलं आहे, आणि ते सगळं मिळून एका चहाच्या कपात मावेल. लोकांच्या आया, बायका, घोडे मी निर्धास्त कापते. स्वतःच्या आईवर लाल पेन कसं चालवायचं? म्हणून पुडकं मी उघडलेलं नाही. फ्रिजवर ठेवलं आहे. रोज दूध काढताना ते माझ्याकडे बघतं.

तर आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते आणि सोबत माझी एक करणी सांगते. ती वाचून तुम्हीच ठरवा, पुस्तक माझ्या हातात ठेवायचं की त्या आठ दिवसवाल्याच्या.

घरबसल्या संपादक म्हणजे काय हे आमच्या इमारतीत अजून कुणाला समजलेलं नाही. शेजारीण मला नोकरी गेलेली बाई समजते आणि अधूनमधून प्रेमाने सूप आणून देते. (मी घेते. सूप चांगलं असतं.) प्रकाशनसंस्थेत होते तेव्हा दारावर पाटी होती, लेखक दार वाजवून आत यायचे. आता लेखक थेट स्वयंपाकघरात येतात, भांडी सरकवून बाड ठेवतात आणि सगळे तुमचंच वाक्य म्हणतात. फक्त स्वल्पविराम बघा. मागे एका गृहस्थांनी खुनाची कादंबरी आणली. त्यात तिसऱ्या प्रकरणात मेलेला सावकार नवव्या प्रकरणात येऊन पोटभर पुलाव खाऊन जातो. मी म्हटलं, अहो, हा मेलाय ना? ते म्हणाले, "बाई, तुम्ही स्वल्पविराम बघा. तो कसा आला ते वाचक बघतील." आता यावर काय बोलायचं? चांगल्या संपादकाला पहिलं काय लागत असेल तर तोंड मिटून चहा ओतायची ताकद. ही माझ्यात नाही. मी त्यांना फाडफाड बोलले, आणि सावकार शेवटी मेलेलाच राहिला, पण ते गृहस्थ अजून मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

आता एसेनकुल डॉक्टरांचं. हे अत-बाशीकडचे गुरांचे डॉक्टर, निवृत्त, वय बहात्तर. उंच, हाडकुळे, हात एवढे मोठे की पेन्सिल त्यांच्या बोटांत काडीसारखी दिसते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको बुरुल गेली. वर्षश्राद्धाचं मोठं जेवण राहून गेलं होतं, हिवाळा आडवा आला, मग मुलगा आजारी पडला. ते आता यंदा ऑगस्टच्या शेवटी करायचं ठरलं. घोडा कापायचा, सगळा गोतावळा बोलवायचा, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बुरुलवरचं पुस्तक ठेवायचं, असं म्हाताऱ्याच्या मनात. आयुष्यात इंजेक्शनांच्या नोंदींशिवाय काही लिहिलं नव्हतं त्यांनी. पण कादंबरी लिहिली. नायकाचं नाव वेगळं, नायिकेचं नाव वेगळं, बाकी सगळं तेच दोघं.

बाड वाचलं आणि मी डोक्याला हात लावला. घोडी कशी व्याली यावर एकोणीस पानं. (फार सुंदर आहेत ती, मामा. वाचताना माझेच हात गरम पाण्यात बुचकळल्यासारखे वाटले.) आणि चाळीस वर्षं संसार केलेली बायको सगळ्या पुस्तकात दोनच वाक्यं बोलते. एक, 'चहा झाला.' दुसरं, 'बर्फ पडतोय.' मी त्यांना फोन केला. म्हटलं, डॉक्टर, ही बाई मुकी होती का? तिकडून म्हणाले, "मुकी? तिच्यामुळे आमचा कुत्रा घरी यायला घाबरायचा." मग म्हटलं, लिहा ना ते! काय बोलायची ते लिहा, जसं बोलायची तसं. म्हणाले, बघतो. तीन आठवड्यांनी अकरा पानं आली, पेन्सिलने लिहिलेली, नुसतं बुरुलचं बोलणं. टोपी न घालता बाहेर गेल्याबद्दल शिव्या. शेजाऱ्याच्या मेंढीला फुकट औषध दिल्याबद्दल शिव्या, आणि दिलं नसतं तर त्याहून मोठ्या शिव्या. मी हसत सुटले, आणि हसता हसता एकदम रडायला लागले. आमचे हे घाबरून स्वयंपाकघरात आले, त्यांना वाटलं दूध उतू गेलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे मामा. चांगला संपादक कापतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण लेखकाने कुठे गिळून टाकलं आहे हे ज्याला ऐकू येतं तो खरा. इथवर मी चांगली संपादक होते. स्वतःवर इतकी खूश होते की त्या आठवड्यात केस रंगवून आले.

आणि मग मी ती करणी केली.

पहिल्या प्रकरणात नायक आपल्या सात बापजाद्यांची नावं घेतो, रीतसर. त्यातला पाचवा चोर्मोन. घोड्यावर बसतो, डोंगराकडे बघतो, मरतो. पुढे दोनशे पानांनी मागणी घालायला जातात, तिथे मुलीचा बाप आपले सात पूर्वज म्हणून दाखवतो. त्यातला पाचवा बोकोनबाय. तोही घोड्यावर बसतो, डोंगराकडे बघतो, मरतो. आता आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात की दोन पात्रं एकच काम करत असतील तर त्यांचं एक करा, वाचकाच्या डोक्याला ताप नको. मी पेन उचललं आणि बोकोनबायला मारला. जिथे जिथे बोकोनबाय तिथे तिथे चोर्मोन. तीन जागा. केवढं सुटसुटीत झालं म्हणून वर चहा केला.

तुम्ही एव्हाना कपाळ बडवून घेतलं असेल. हो मामा. हो. पाचवा पूर्वज एक केला की नवरा-बायको काय झाले? सात पिढ्यांच्या आतले भाऊबहीण! माणूस उपाशी राहील, पण सात पिढ्यांत सोयरीक करणार नाही, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. मला पण ठाऊक आहे! वडील माझ्याकडून सात पूर्वज रोज झोपताना म्हणून घ्यायचे, आजही म्हणते, अडखळत नाही. पण हातात लाल पेन आलं की मी किरगिझ राहत नाही, संपादक होते, आणि दुसऱ्यांचे पूर्वज मला नुसती पात्रं दिसतात. शिवाय एक गोष्ट त्याहून भयंकर, जी माझ्या लक्षातच आली नाही. चोर्मोनच्या वरचे दोघं पहिल्या यादीत वेगळे आणि दुसऱ्या यादीत वेगळे. म्हणजे मी नुसतं लग्न बिघडवलं नाही, चोर्मोनला दोन बाप दिले.

छापण्याआधीची अखेरची पानं मी डॉक्टरांना पाठवली. प्रत्येक पानावर खाली सही आणि 'ठीक' असं लिहून परत आली. मी म्हटलं, काय काटेकोर माणूस! पुस्तक छापलं. तीनशे प्रती. आणि मला मानाचं आमंत्रण.

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी मी पुस्तकांच्या खोक्यांसकट अत-बाशीला पोचले. नवीन कोट घातला होता. (गरम होत होतं, पण काढला नाही.) घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं, अंगणात तीन मोठ्या कढया, बायका कणकेचे बोरसोक तळताहेत. मला आत नेऊन थेट वरच्या जागी बसवलं. समोर मेंढीचं ताट आलं आणि खल सुरू झाला की संपादकाला कुठला तुकडा द्यायचा. शिक्षिकेला काय देतात ते ठरलेलं आहे, डॉक्टरणीला काय ते ठरलेलं आहे. संपादक बाई त्या घरात पहिल्यांदाच आली होती. शेवटी बुरुलच्या थोरल्या बहिणीने, कुलुइपाने, निकाल दिला. पंच्याऐंशी वर्षांची बाई, पांढरं फडकं डोक्याला, आवाज असा की घोडे उभे राहतील. म्हणाली, "माझी बहीण हिने पुस्तकात आणली. हिला मोठ्या बायकांचं हाड द्या." आणि माझ्यासमोर मांडीवरचं मोठं हाड ठेवलं. मामा, पन्नास वर्षांत माझा एवढा मान कुणी केला नव्हता. माझे डोळे भरून आले.

मान दीड तास टिकला. चहा चालू असताना कुलुइपाने चष्मा लावला, पुस्तक मधेच उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. नेमकं मागणीचं प्रकरण. मुलीच्या बापाने पूर्वज म्हणायला सुरुवात केली तशी ती बोटाच्या पेरांवर मोजायला लागली. बायकोच्या माहेरचे, म्हणजे तिचे स्वतःचेच पूर्वज. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पेरावर अंगठा थांबला. तिने ओळ पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून सगळ्या खोलीकडे बघितलं.

"आमचा बोकोनबाय कुठे गेला?"

मला अजूनही काही समजलं नव्हतं, मी मोठ्या झोकात म्हटलं, "त्याला मी काढला, आजी. कथेला त्याची गरज नव्हती."

"गरज नव्हती?" ती म्हणाली. "त्याची गरज नव्हती तर मी कशी झाले गं? आणि हा चोर्मोन आमच्यात कुठून आला? हा तर जावयाकडचा!" आणि मग तिला ते लक्षात आलं. तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना मला दिसलं आणि त्याच क्षणी माझ्याही डोक्यात उजेड पडला. "म्हणजे माझी बहीण," ती म्हणाली, आवाज हळू होता आणि तोच भयंकर होता, "चाळीस वर्षं भावाशी संसार करत होती? आणि तिची सहा पोरं कोण मग? आणि उद्या तीनशे घरांत हे जाणार?"

पुढचं काय सांगू! डॉक्टरांचे मेहुणे उठून उभे राहिले. बुरुलच्या माहेरचे म्हणतात, डॉक्टरांकडच्यांनी मुद्दाम केलं, डॉक्टरांकडचे म्हणतात, आमच्या चोर्मोनला दोन बाप लावलेत, आमच्या आजीच्या अब्रूचं काय? (एवढ्या गडबडीतही तो मुद्दा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. असे वाचक मिळायला भाग्य लागतं.) सुना डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडाला लावून हसताहेत की रडताहेत ते कळेना. मी कोटासकट जमिनीत जायला तयार होते. आणि सगळ्यांनी एकदम डॉक्टरांकडे मोर्चा वळवला. "तू वाचलं नाहीस? प्रत्येक पानावर सही केलीस म्हणे!"

म्हातारा दाराशी टोपी हातात धरून उभा होता. म्हणाला, "सही केली. वाचलं नाही."

"का नाही वाचलंस?" कुलुइपाने विचारलं.

"त्यात ती बोलते," ते म्हणाले. "लिहिताना ऐकलं तेवढं मला पुष्कळ झालं. पुन्हा उघडायची छाती होईना." आणि टोपी घालून घोड्यांकडे निघून गेले.

मामा, मला त्या वेळी स्वतःची एवढी लाज वाटली की विचारू नका. पूर्वजाची चूक मोठीच, पण ती अडाणीपणाची. ही दुसरी चूक जास्त खोल होती. मी त्या माणसाला दोन वर्षांपूर्वी मेलेल्या बायकोचा आवाज कागदावर काढायला लावला आणि मग तीनशे पानांचा गठ्ठा टपालाने पाठवून मोकळी झाले. 'ठीक' वाचून खूश झाले. मी जायला हवं होतं. शेजारी बसायला हवं होतं, त्यांनी वाचलं नसतं तर मी वाचून दाखवायला हवं होतं. लेखक 'ठीक' म्हणतो तेव्हा तो ठीक आहे का हे बघायला घरातून उठावं लागतं, हे मला पन्नासाव्या वर्षी अत-बाशीला कळलं.

रडून भागणार नव्हतं. उद्या जेवण. कुलुइपाने दोन मिनिटं डोळे मिटले आणि मग सूत्रं हातात घेतली. शाळेतल्या मशीनवर 'बोकोनबाय' नऊशे वेळा छापून आणवला, तीनशे प्रती, तीन जागा. पिठाची खळ शिजवली. घरातल्या सगळ्या बायका ओळीने बसवल्या, एक पान काढणारी, एक खळ लावणारी, एक चिकटवणारी, आणि मला चिकटवणाऱ्यांच्याही खाली, चिठ्ठ्या कापायला. "हिला कापायची आवड आहे," ती म्हणाली, "कापू दे." दुपार झाली तरी बोरसोक निम्मेच तळून झाले होते, कढयांकडे बघायला पुरुषांना बसवलं होतं, ते निम्मे खाऊन टाकत होते. पुस्तकांना खळीचा आणि तेलाचा वास लागला.

आणि मग व्हायचं तेच झालं. पान काढायचं म्हणजे आजूबाजूची ओळ डोळ्याला पडणारच. एक सून खुदकन हसली. दुसरीने विचारलं काय झालं. तिने वाचून दाखवलं, बुरुल नवऱ्याला मेंढीच्या औषधावरून बोलते ती जागा. मग सगळ्या हसल्या. मग थोरली मुलगी म्हणाली, अगं पुढचं वाच, मला पण हेच बोलायची. पाहता पाहता हात थांबले आणि कुलुइपाने पुस्तक ओढून घेतलं आणि ती स्वतः वाचायला लागली, बहिणीच्या आवाजात, बहिणीसारखी मान उडवून. अख्खी खोली हसते आहे आणि डोळे पुसते आहे. हसण्याचा आवाज अंगणापलीकडे गेला असणार, कारण दारात पुन्हा डॉक्टर उभे. कुलुइपा वाचत राहिली. बर्फातली जागा आली. डॉक्टर बिनटोपीचे घोडीकडे धावतात आणि बुरुल मागून ओरडते, "अहो, टोपी घाला!"

"असं नव्हती म्हणाली," दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हातारा चांगलाच चिडला होता. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "बाई, हे तुम्ही बदललंत. चाळीस वर्षांत तिने मला एकदाही 'अहो' म्हटलं नाही. 'मुडद्या' म्हणायची. 'मुडद्या, टोपी घाल!' मी लिहिलं होतं तसं."

खरं होतं. लिहिलं होतं. मीच खोडलं, कारण श्राद्धाचं पुस्तक, बाई सभ्य दिसायला हवी, असं मला वाटलं. मी उठून उभी राहिले, मान खाली घातली आणि म्हटलं, डॉक्टर, चुकलं माझं. ते आत आले. कुलुइपाच्या शेजारी बसले. म्हणाले, "वाच पुढे." आणि तिने वाचलं, शेवटपर्यंत, आणि ते मध्ये मध्ये थांबवून 'हे बरोबर' किंवा 'इथे ती आधी हसली होती' असं सांगत राहिले. मग शाळेकडे पुन्हा माणूस धावला, तीनशे वेळा 'मुडद्या, टोपी घाल!' छापून आणायला. (त्या मशीनवरच्या मास्तरांनी काय समजूत करून घेतली असेल देव जाणे.)

दुसऱ्या दिवशी जेवण थाटात झालं. पुस्तकं वाटली, सगळी थोडी ओलसर आणि फुगलेली. लोकांना वाटलं, आजकाल बहुतेक अशीच निघतात. ताट आलं तेव्हा कुलुइपाने सगळ्यांसमोर मला मेंढीचा कान दिला. कान कुणाला देतात ते तुम्हाला माहीत आहे, मोठ्यांचं ऐकायला शिकावं म्हणून लहान पोरांना! "खा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी आधी ऐक, मग काप." मी मुकाट्याने खाल्ला. चांगला शिजला होता.

तेव्हा मामा, चांगला संपादक कसा ओळखायचा, तर त्याला कान मिळालेला आहे का ते विचारायचं. मला मिळाला आहे, पण उशिरा. अशी ही तुमची भाची. तिच्या हाती घर द्यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. तुम्ही पुडकं परत मागितलंत तर जराही वाईट वाटून न घेता पुढच्या गाडीने पाठवून देईन. उन्हाळी गायरानावरून मेंढ्या उतरल्या की कळवा. मामींना, सुनेला, सगळ्या लेकरांना प्रेम.

तुमची,
मैरामकान

ता.क. यंदा जर्दाळू पाठवू नका, मागचेच आहेत. (म्हणजे होते. पाठवा.)

दुसरं ता.क. त्या आठ दिवसवाल्याला देऊ नका. तो पूर्वी माझ्याच हाताखाली होता. हुशार आहे, पण तो बोकोनबायला मारेल आणि त्याला कधी पत्ताही लागणार नाही.

तिसरं ता.क. पुडकं उघडलेलं नाही असं वर लिहिलं आहे ते खोटं आहे. ज्या दिवशी आलं त्याच दिवशी जिन्यातच फाडलं. वर येईपर्यंत दहा पानं झाली होती. आतापर्यंत तीन वेळा वाचलं. चांगलं आहे मामा. खरोखर चांगलं आहे, भाची म्हणून सांगत नाही. आजोबांचा घोडा तळ्याच्या बर्फावरून घरी येतो ती अकरा पानं मी जन्मात लिहू शकणार नाही, आणि त्यातला एक शब्द मी कुणाला हलवू देणार नाही. स्वल्पविराम मात्र तुम्ही मूठभर घेऊन उधळले आहेत. पुस्तक मी करणार. पानं टपालाने पाठवणार नाही, घेऊन येईन आणि चुलीजवळ बसून तुम्हाला वाचून दाखवेन. पण त्याआधी एक काम तुम्ही करायचं आहे.

सहाशे चाळीस पानांत आई सत्तावीस वेळा येते. पाणी आणते, हसते, मान डोलावते, दारातून बघते. एकदाही बोलत नाही. मला तिचा आवाज आठवत नाही, मामा. ती काय बोलायची, कशी बोलायची, तुम्हाला काय हाक मारायची, मला काय म्हणायची, ते लिहा. एक पान लिहा, चार ओळी लिहा, शिव्या असल्या तर शिव्या लिहा. दुसऱ्या लेखकांना मी सांगते, आठवत नसेल तर रचा, कादंबरीच आहे. तुम्ही रचू नका. तुम्ही रचलंत तर मला कधीच कळणार नाही, जे लिहाल ते मी खरं मानेन.